चार्ल्स इंगल्सचा सातबारा

गेल्या श्रावणातली गोष्ट. नाशकात चार दिवस झड लागली होती. गोदामाईचे पाणी दुतोंड्या मारुतीच्या कमरेवर चढले होते आणि शाळेला सुट्टी जाहीर झाल्यामुळे आमच्या दोन खोल्यांत मास्तर, मास्तरीणबाई, त्यांची कन्या आणि मास्तरांची आई अशी चार पिढीजात बडबडी माणसे कोंडून पडली होती. अशा वेळी कन्येने कुठूनशी एक जुनी अमेरिकन मालिका शोधून काढली आणि टी. व्ही.वर लावली. 'लिटल हाऊस ऑन द प्रेअरी' हे तिचे नाव. माळावरचे लहानसे घर, असे आपण म्हणू.

मालिका जुनी म्हणजे चांगलीच जुनी. तिचा पहिला, दोन तासांचा चित्रपटवजा भाग अमेरिकेत ३० मार्च १९७४ रोजी दाखवला गेला आणि पुढे १९८३ पर्यंत ती चालली. लॉरा इंगल्स वाइल्डर या बाईंनी आपल्या बालपणावर लिहिलेल्या पुस्तकांवरून ती घेतली आहे. त्या पहिल्या भागात चार्ल्स इंगल्स नावाचा एक कष्टाळू गृहस्थ बायको, तीन मुली आणि जॅक नावाचा कुत्रा यांना घेऊन, कापडी छताच्या घोडागाडीतून विस्कॉन्सिनचे रान सोडतो आणि कॅन्ससच्या माळावर येऊन उतरतो. ना शेजार, ना पाजार. नवराबायको मिळून ओंडके रचतात, भिंती उभ्या करतात. एडवर्ड्स नावाचा एक तऱ्हेवाईक पण भला माणूस मदतीला येतो आणि ऐन थंडीत मुलींसाठी नाताळचा खाऊही आणतो. रात्री बाप फिडल वाजवतो. जमीन नांगरून होते. सारे काही जमून आले असे वाटते न वाटते तोच सैनिक येऊन सांगतात की, ही जमीन इंडियन लोकांची आहे, तुम्ही इथून निघा. पुन्हा गाडी जुंपली जाते, आणि ते नवे कोरे घर माळावर एकटे मागे राहते.

आमच्या सौभाग्यवतींनी डोळ्यांना पदर लावला. कन्याही गप्प झाली. तेवढ्यात कोपऱ्यातून आईचा आवाज आला,

"पण काय रे, सातबारा कुणाच्या नावावर होता?"

माझी आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. तिचे माहेर निफाड तालुक्यातले, कॅनॉलकाठचे. इंग्रजी तिला 'टाइम' आणि 'टेन्शन' या दोन शब्दांपलीकडे येत नाही. पण बांध, पाटपाणी, वाटणी आणि तलाठी या चार विषयांत तिला कुणी फसवू शकत नाही.

"अगं, अमेरिकेत कुठला आलाय सातबारा?" मी म्हणालो.

"मग कागद तरी असेलच ना कसला? का कागद नसतानाच भिंती घातल्या? तसं असेल तर सूनबाई, तू कशाला रडतेस?"

घरात हशा पिकला. माझ्या मनातून मात्र तो प्रश्न काही जाईना. मी काही पदवीधर इतिहासकार नव्हे. मुलांना शिकवावे, सुट्टीत कादंबरीची पाने भरावीत, एवढाच माझा वकूब. तरीही पुढचे पंधरावीस दिवस मिळेल तिथून, मिळेल ते मी वाचत राहिलो, आणि आईच्या प्रश्नाचे उत्तर मला खरोखरच सापडले.

इंगल्स कुटुंब १८६९ साली ज्या माळावर उतरले, तो कॅन्ससच्या दक्षिण कडेचा मुलूख ओसेज लोकांसाठी राखीव होता. तो रिकामा नव्हता आणि विक्रीलाही काढलेला नव्हता. ओसेज मंडळी वर्षातून दोनदा बायसनच्या शिकारीसाठी पश्चिमेकडे जात. माघारी येऊन पाहावे, तो आपल्या मक्याच्या रानात कुणीतरी परका औत धरून उभा! अशी हजारो बिऱ्हाडे त्या दोनचार वर्षांत तिथे घुसली. सगळ्यांचा हिशेब एकच. सरकार आज ना उद्या इंडियनांना हलवील, त्या वेळी आपण आधीपासून जागेवर असलेले बरे. १८६८ मध्ये तर एका रेल्वे कंपनीने सुमारे ऐंशी लाख एकर मुलूख एकरी वीसेक सेंटच्या भावाने घशात घालण्याचा करार मांडला होता. तो बारगळला. पण १८७० मध्ये वॉशिंग्टनला कायदा झाला की, ओसेजांनी जागा सोडावी आणि सरकारने ती बसलेल्या बिऱ्हाडांना एकरी सव्वा डॉलरने विकावी. त्या वर्षीच्या सप्टेंबरात ड्रम क्रीक नावाच्या ओढ्याकाठी ओसेज पुढाऱ्यांनी त्याला होकार दिला. दुसरे करतात काय? मग ते दक्षिणेला, आजच्या ओक्लाहोमा राज्यात निघून गेले. त्या नव्या जागेत पुढे तेल निघाले, आणि त्या तेलापायी १९२० नंतरच्या काळात त्यांचे खून पडले. पण ती वेगळीच कहाणी आहे.

तेव्हा मालिकेत जे घडते त्याच्या नेमके उलटे प्रत्यक्षात घडले. ज्यांना उठवल्याचे पाहून आमच्या घरात पदर ओले झाले, त्यांना उठावे लागणारच नव्हते. उठले ते ओसेज. इंगल्स १८७१ साली मागे फिरले हे खरे, पण सैनिकांच्या धाकाने नव्हे. विस्कॉन्सिनचे जुने घर ज्याला विकले होते त्याला पैसे फेडता येईनात, म्हणून.

आता सातबारा. १८७० च्या उन्हाळ्यात तिथे जनगणना झाली. तिच्या कागदांत इंगल्स कुटुंबाची नोंद आहे आणि जमिनीच्या किमतीचा रकाना रिकामा आहे. कारण काय, तेही त्या नोंद घेणाऱ्याने पानावर लिहून ठेवले आहे : या जमिनी ओसेज इंडियनांच्या असून वसणाऱ्यांचा त्यांवर हक्क नाही. कोण कुठला तो गणना करणारा माणूस, उन्हातून घोड्यावर फिरत असेल, एकेका झोपडीपुढे दौत उघडत असेल. पण त्याने जे होते ते लिहिले. आज त्या ठिकाणी नमुन्यादाखल बांधलेले ओंडक्यांचे घर उभे आहे. ते १९७७ सालचे. जवळच हाताने खोदलेली एक जुनी विहीर आहे. ती चार्ल्सनेच खोदली असे तिथले लोक मानतात.

या वाचनात मला आणखी एक गोष्ट सापडली, आणि खरे सांगायचे तर तिच्यासाठीच मी हा लेख लिहायला बसलो. लॉराबाईंचे माळावरच्या घराचे पुस्तक १९३५ साली निघाले. त्याच्या आरंभीच त्या मुलखाचे वर्णन करताना त्यांनी अशा अर्थाचे वाक्य लिहिले होते की, तिथे माणसे नव्हती, फक्त इंडियन राहत होते. सतरा वर्षे हे वाक्य छापले जात होते. लाखो पालकांनी ते आपल्या मुलांना वाचून दाखवले असेल. १९५२ मध्ये एका वाचकाने प्रकाशकाला पत्र लिहून विचारले, तेव्हा कुठे कुणाच्या ते ध्यानी आले. लॉराबाई तेव्हा पंच्याऐंशीच्या होत्या. आपली मोठी चूक झाली असे त्यांनी निमूट मान्य केले आणि १९५३ च्या आवृत्तीत 'माणसे' हा शब्द जाऊन त्या जागी 'वस्तीकार' आला.

हे वाचले आणि मी पुस्तक मिटून ठेवले. मला माझेच एक पत्र आठवले.

२००० सालच्या जून महिन्यात माझी पहिली नेमणूक सुरगाणा तालुक्यातल्या एका डोंगरी वस्तीवर झाली. अगदी सरहद्दच ती. ओढा ओलांडला की गुजरात. नार-पारचे पाणी तिकडेच पश्चिमेला उतरते. पलीकडचा डांगचा मुलूख आपला की त्यांचा, याचा वाद १९६० साली राज्ये झाली तेव्हा केवढा पेटला होता हे वडील मंडळींना आठवत असेल. एस. टी.तून उतरून पुढे सात-आठ मैल चिखल तुडवत मी तिथे पोचलो, ते पाऊस अंगावर घेतच. शाळेचे कौलारू छप्पर गळत होते. वस्तीतल्या एका म्हाताऱ्याने मला आपल्या पडवीत जागा दिली. सारेजण त्यांना 'आजा' म्हणत, मीही म्हणू लागलो. त्यांच्या घरची नागलीची भाकरी आणि उडदाचे भुजे खाऊन, कंदिलाच्या उजेडात, मी आईला पत्र लिहिले. ते पत्र तिने इतर कागदांबरोबर ट्रंकेत जपून ठेवले आहे, म्हणून मला ते शब्द टाळता येत नाहीत. मी लिहिले होते : आई, इथे पाऊस उदंड आहे, पण माणूस औषधालाही नाही.

त्या वस्तीत त्रेचाळीस घरे होती. माझ्या हजेरीपटावर सदतीस मुले होती. आणि हे लिहीत होतो तेव्हा आजा माझ्यापासून तीन हातांवर बसून, चुलीत ढलपी सारत होते.

पेठ-सुरगाण्याचा हा पट्टा नाशिककरांना तसा परकाच. आपण त्याच्याकडे पाहतो ते सापुताऱ्याला जाताना मोटारीच्या काचेतून. पण त्याला त्याचा इतिहास आहे. पेठ हे संस्थान होते. १८५७ च्या धामधुमीत इथले कोळी उठले आणि पेठच्या राजघराण्यातल्या भगवंतरावांना इंग्रजांनी फाशी दिले. पुढे पेठची बेगम १८७८ साली वारली आणि संस्थान इंग्रजी अमलात गेले. त्याच १८७८ साली इंग्रजांचा जंगल कायदाही झाला. राखीव रान, संरक्षित रान अशी त्याने रानाची वाटणी केली. म्हणजे एकाच वर्षी राजाही गेला आणि रानही गेले, असे म्हटले तरी चालेल. सुरगाणा संस्थान तेवढे टिकले. ते १९४८ मध्ये नाशिक जिल्ह्यात विलीन झाले.

आता कोकणा, महादेव कोळी, वारली ही मंडळी उतारावर शेती कशी करतात, ते थोडे सांगायला हवे, कारण पुढची सारी गोष्ट त्यावरच आहे. आधी राब. म्हणजे फांद्या, पालापाचोळा, शेण एका तुकड्यावर पसरून जाळायचे आणि त्या राखेत नागलीचे रोप धरायचे. मग ते उतारावर लावायचे. पहिल्या वर्षी नागली, पुढे वरई, शेवटी खुरासणी, आणि नंतर तो तुकडा काही वर्षे तसाच सोडून शेजारचा धरायचा. उताराची माती पातळ. ती दरसाल पीक देत नाही. देशावरच्या काळ्या रानात वाढलेल्या माझ्यासारख्याला हा सोडलेला तुकडा दिसतो तो गवताचा. आणि जंगल कायद्याला तो दिसला रानाचा. काही जणांना पुढे एकसाली पट्टे मिळाले. म्हणजे एका वर्षापुरते कसायचे, पुढच्या वर्षी पुन्हा हात जोडायचे. बाकीचे सारे आपल्या पणजोबाच्या शेतात अतिक्रमणदार ठरले.

आईच्या माहेरी कॅनॉलवर याच सुमारास दुसरीच तऱ्हा चालली होती. दारणेचे धरण १९१६ साली पुरे झाले, नांदूर मध्यमेश्वरच्या बंधाऱ्यावरून दोन्ही काठांना पाट निघाले, आणि कोपरगावपर्यंत नवे बागाईत उभे राहिले. तिथे सासवडचे माळी बैलगाड्यांत बिऱ्हाड घालून आले. त्यांनी स्थानिकांच्या जमिनी खंडाने घेतल्या, माळरानावर कोपी घातल्या आणि ऊस पिकवला. त्यांच्यातल्याच मंडळींनी पुढे १९३२ साली अकलूजजवळ माळीनगरचा साखर कारखाना काढला. खरे पाहता इंगल्सची आपल्याकडची जोडी शोधायची तर ती हीच. फरक इतकाच की, इथे आलेल्याने राहणाऱ्याला विचारले, खंड ठरवला, आणि तो कागदावर आला. आईला सातबाऱ्याचे एवढे वेड का, हे मला हे सारे वाचल्यावर कळले.

असो. पुन्हा वस्तीवर येऊ.

२००६ च्या डिसेंबरात संसदेने वनहक्काचा कायदा केला. आदिवासींवर इतिहासात अन्याय झाला, असे त्याच्या प्रास्ताविकातच कबूल केले आहे. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून जो आदिवासी वनजमीन कसतो, त्याला प्रत्यक्ष कसत असलेल्या जमिनीवर, जास्तीत जास्त चार हेक्टरपर्यंत, हक्क मिळावा. आणि पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावे असावा. पुराव्यांपैकी निदान दोन हवेत. सरकारी कागद चालेल, वडीलधाऱ्यांचा लेखी जबाब चालेल. घर, बांध, विहीर, मसणवटा, देवाची जागा, तेही चालेल. नियम हाती आले तेव्हा मला ते फार आवडले. विहिरीला साक्षीला बोलावणारा कायदा मी प्रथमच पाहत होतो.

२००८ चा सारा उन्हाळा मी त्या वस्तीवर अर्ज लिहीत बसलो होतो. शाळेच्या ओट्यावर कागद पसरलेले, भोवती गर्दी. कागद मागितले की लोक घरात जात आणि फडक्यात बांधलेल्या, धुराने पिवळ्या पडलेल्या चिठ्ठ्या घेऊन येत. दंडाच्या पावत्या! रानात औत घातले म्हणून दंड, राब तोडला म्हणून दंड. कुणाच्या बापाच्या नावाची, कुणाच्या आज्याच्या नावाची. इतकी वर्षे ज्या कागदाने माणूस गुन्हेगार ठरत होता, तोच कागद आता तो अमुक साली त्या जागेवर होता याची साक्ष देऊ लागला. ज्यांनी पावत्या टाकून दिल्या होत्या ते कपाळाला हात लावून बसले. एकजण तर मला म्हणाला, "गुरुजी, माझा बाप लई साधा. कधी सापडलाच नाही. आता मी काय दाखवू?"

आजांच्या मुलाच्या नावे तीन एकरांचा दावा होता. वडीलधारे म्हणून आजांचा जबाब मी माझ्या हाताने लिहिला. ते सांगत गेले, मी लिहीत गेलो. अमुक बांधापासून मोहाच्या झाडापर्यंत नागली-वरई, ओढ्याकडे खाचर, आणि वरचा तुकडा... वरच्या तुकड्यावर त्या साली गवत होते. मी माझ्या देशावरच्या मराठीत लिहिले : 'वरचा तुकडा पडीक.' वाचून दाखवले. माझे वाचणे झरझर, आजांना ऐकू येई थोडे कमी. त्यांनी अंगठा दिला.

दोन वर्षांनी माझी बदली नाशकात झाली आणि त्यानंतर वर्षभराने निकाल लागला. दावा मंजूर झाला, पण तीन एकरांचा नव्हे, पस्तीस गुंठ्यांचा. कसत असलेल्या जमिनीवर हक्क, आणि पडीक जमीन कुणी कसत नसतो. जबाबात तसे स्वच्छ लिहिलेले होते. मी भेटायला गेलो तेव्हा आजा रागावले नाहीत. नुसते म्हणाले, "गुरुजी, ती पडीक नव्हती. ती इसाव्याला टाकलेली व्हती."

आजा २०१५ साली वारले.

२०१८ च्या ६ मार्चला नाशकातून शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईला निघाला, तो वाचकांच्या लक्षात असेल. मध्यवर्ती बसस्थानकाच्या चौकात लाल टोप्यांचा समुद्र उसळला होता. सुरगाणा, पेठ, दिंडोरी, कळवण. सारा डोंगर खाली उतरलेला. त्या गर्दीत आजांची सून मला दिसली. पायात रबरी चपला, डोक्यावर भाकरीचे गाठोडे. "पट्टा कमी भरला, त्याच्यापायी चाललो," एवढेच ती म्हणाली. कमी का भरला, हे तिने माझ्या तोंडावर काढले नाही. कसारा घाट उतरून, सुमारे एकशे ऐंशी किलोमीटर चालून ही माणसे मुंबईला पोचली. शेवटच्या दिवशी, १२ मार्चला, तिथे दहावीचा पेपर होता. मोर्चाने रस्ते अडले तर मुलांची परीक्षा बुडेल, म्हणून दिवसभर चाललेली ती माणसे रात्री पुन्हा उठली आणि अंधारातच आझाद मैदानावर जाऊन बसली. पायांना फोड आले होते, कित्येकांच्या चपला तुटल्या होत्या. दुसऱ्या दिवशी मी इथे वर्गात उभा होतो. फळ्यावर काय लिहिले ते मला आठवत नाही. सरकारने लेखी आश्वासन दिले. नाकारलेले आणि कमी भरलेले दावे पुन्हा तपासू म्हणाले. २०२३ च्या मार्चमध्ये हीच माणसे पुन्हा चालली. त्या वेळी त्यांना वाशिंदलाच थांबवून बोलणी झाली.

आजांच्या घरच्या दाव्याची फेरतपासणी अजून व्हायची आहे. अडचण जबाबाची आहे. सांगणारा आता नाही, आणि कागदावर शब्द माझा आहे. लॉराबाईंना नवी आवृत्ती मिळाली. मी गावच्या दुसऱ्या दोन म्हाताऱ्यांचे जबाब घेतले आहेत, आणि स्वतःचा एक लिहिला आहे : तो शब्द दाव्यातल्या घरच्या माणसांचा नसून लिहिणाऱ्याचा आहे, लिहिणारा परमुलखातला होता, त्याला त्या शेतीची रीत ठाऊक नव्हती. कुणी तो ग्राह्य धरील की नाही, देव जाणे.

पूर ओसरल्यावर एका संध्याकाळी मी आईला हे सारे सांगितले. जनगणनेचे पानही सांगितले. तिने ते लक्ष देऊन ऐकले. मग म्हणाली,

"म्हणजे लिहिणारा चोख होता म्हणायचा. नाव काय त्याचं?"

मला सांगता आले नाही. तिने मग ट्रंक उघडायला लावली, माझे ते २००० सालचे पत्र काढून माझ्या हातात दिले आणि विचारले, "हे ठेवायचं का अजून?" मी म्हटले, ठेव.

येत्या भाऊबीजेनंतर मी वस्तीवर जाणार आहे. नव्या अर्जात वरच्या तुकड्यापुढे 'इसाव्याची जमीन' असेच लिहिले आहे. प्रमाण मराठीत त्याला दुसरा शब्द मला सुचला नाही. अर्जाखाली सही आजांच्या नातीची आहे. पहिल्या वर्षीच्या माझ्या सदतीस मुलांत ती होती. अक्षर अजून तसेच आहे, थोडे डावीकडे कललेले.